बाटलीचं बूड

बाळाची दुधाची बाटली कशी धुवायची हे लोकांच्या घरी जाऊन शिकवणं, हे कुणाचं काम असू शकतं यावर पुण्यातल्या माणसांचा चटकन विश्वास बसत नाही. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, "आपण काय करता?" मी सांगितलं. त्यांनी मठ्ठ्याचा एक घोट घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "आणि लोक शिकतात?"

शिकतात. निदान तसं मला चौतीस वर्षं वाटत होतं. हल्ली ते नक्की सांगता येत नाही, म्हणून तर लिहायला बसले आहे.

मी सदाशिव पेठेत लहान मुलांच्या एका दवाखान्यात नर्स होते. दवाखाना पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, खाली स्कूटर लावायला जागा नाही, आणि तरीही पेशंट जिन्यावर रांग लावून उभे. आमच्या डॉक्टरांना एक गोष्ट सारखी खटकायची. काही बाळं जुलाब घेऊन यायची, औषधानं बरी व्हायची, आणि पंधरा दिवसांत पुन्हा जिन्यावर हजर. आईबाप शिकलेले, घर चांगलं, पाणी उकळून गाळून. मग डॉक्टर विचारायचे, "दूध कशातून देता?" उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं, 'बाटलीतून.' एके दिवशी ते मला म्हणाले, "सिस्टर, आपण जरा यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बघून या." ते बघून येणंच पुढे माझं काम होऊन बसलं.

डॉक्टरांचं पहिलं म्हणणं बाटलीच नको असं असायचं. आईचं दूध, ते जमत नसेल तर वाटी-चमचा. मीही तेच सांगायचे. पण आईला नोकरीवर परत जायचं असतं, सांभाळणाऱ्या बाईला चमच्या-चमच्यानं पाजायला वेळ नसतो, आणि बाळाला एकदा बाटलीची सवय लागली की ते वाटीकडे अशा नजरेनं बघतं की आपल्यालाच ओशाळं वाटावं. तेव्हा बाटली येणारच, असं धरून मी शिकवायचे.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाटलीत दूध राहतं ते दिसणाऱ्या जागी नव्हे. बाटलीच्या पोटातलं दूध कुणीही धुतं. दूध राहतं ते निपलच्या टोकाशी आतल्या बाजूला, निपल ज्या रिंगमध्ये बसवतात तिच्या खाचेत, आणि बाटलीच्या तोंडाशी जे आटे असतात त्यांच्यात. म्हणून आधी सगळं सुटं करायचं. निपल रिंगमधून ओढून बाहेर काढायचं. अर्ध्या घरांत ते कधी काढलेलंच नसायचं. मग गरम पाणी, साबण आणि फक्त बाटलीसाठी ठेवलेला ब्रश. सिंकमध्ये धुवायचं नाही, वेगळ्या पातेल्यात धुवायचं, कारण सिंकमध्ये आदल्या दिवशीची वांग्याची भाजी नांदत असते. निपल साबणाच्या पाण्यानं भरून दाबायचं, म्हणजे भोकातून चिळकांडी उडते आणि भोक साफ होतं. मग पाण्यात पूर्ण बुडवून उकळायचं, आत हवेचा बुडबुडा अडकू द्यायचा नाही. चिमट्यानं काढून स्वच्छ कपड्यावर पालथं घालायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. पुसायचं नाही. या 'पुसायचं नाही'वर माझी सर्वांत जास्त भांडणं झाली. घरातल्या ज्येष्ठ बाईला ओलं भांडं दिसलं की तिचा हात आपसूक पदराकडे जातो. एका घरात आजी उकळलेली बाटली सोवळ्याच्या पंच्यानं पुसायच्या. त्याहून शुद्ध कापड घरात नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते कापड चार दिवस दमट कोनाड्यात वाळलेलं. त्यांच्याशी वाद घालणं माझ्या प्रशिक्षणात बसत नव्हतं.

आणखी एक गिऱ्हाईक विसरता येत नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा. नातू अमेरिकेहून दोन महिन्यांसाठी येणार होता आणि आजोबा आधीच तयारीला लागले होते. माझं सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "सिस्टर, पाच मिनिटं उकळायचं म्हणालात. पाच मिनिटं कुठपासून मोजायची? पहिला बुडबुडा आल्यापासून, की खळखळ सुरू झाल्यापासून?"

"खळखळ सुरू झाल्यापासून."

"खळखळ कुणी ठरवायची?"

"आपण," मी म्हटलं.

"मग लेखी द्या," ते म्हणाले. मी दिलं. तो कागद त्यांनी गॅसच्या वर चिकटवला. त्यांच्या नातवाला दोन महिन्यांत तीनदा जुलाब झाले. का, ते मला कधीच कळलं नाही.

खरं तर आमच्या कामात किती गोष्टी मला कळत नव्हत्या हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मी कामाला लागले तेव्हा वीस मिनिटं उकळा म्हणायचे. मग दहा झाली. मग पाच. मग वाफेची यंत्रं आली, पाण्यात टाकायच्या गोळ्या आल्या. कुणी म्हणे रोज एकदा पुरे, कुणी म्हणे दर वेळी. एका आठवड्यात मी तीन घरांत तीन वेगवेगळी मिनिटं सांगितल्याचं आठवतं, आणि तिन्ही घरांत सारख्याच ठामपणे. नर्सनं ठाम बोलावं लागतं. आई नुकतीच बाळंत झालेली, झोप नाही, तिच्यासमोर आपण 'बहुतेक' म्हटलं की ती रडायला लागते.

माझा एक नियम मात्र कधी बदलला नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. मी लोकांच्या बाटलीला हात लावत नसे. बाहेरून आलेले, स्कूटरचं हँडल धरलेले माझे हात. ते मी धुतले तरी दुसऱ्याच्या बाळाच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूला का लावावेत? माझ्या पिशवीत माझी स्वतःची काचेची बाटली असायची, निपल-रिंगसकट. ती घेऊन मी सगळं करून दाखवायचे. मग आईनं आपल्या बाटलीवर तसंच करायचं, आणि मी दोन हात लांब उभी राहून बघायचे. लोकांना हे फार आवडायचं. "सिस्टर किती काटेकोर," असं म्हणायचे.

या नियमानंच माझा घात केला. माझा म्हणण्यापेक्षा स्नेहलचा.

दवाखान्यातून निवृत्त झाल्यावरही डॉक्टर अधूनमधून मला घरी पाठवत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मांजरी गावातलं एक घर दिलं. उसाची शेतं संपतात तिथे नव्या इमारती झाल्या आहेत, त्यांतल्या एकीत सातव्या मजल्यावर. स्नेहल आयटीत, नवराही आयटीत, दोघंही मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले. मुलगी गार्गी साडेपाच महिन्यांची. स्नेहलची रजा संपली होती. दिवसा बाळाला तिच्या सासूबाई सांभाळायच्या, त्या त्यासाठीच गावाहून येऊन राहिल्या होत्या. गुडघे दुखत म्हणून त्यांना ओट्याशी फार उभं राहवत नसे. त्यामुळे बाटल्या धुणं हे स्नेहलचं काम, सकाळी ऑफिसला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर. दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. गार्गीला महिन्याभरात दोनदा जुलाब होऊन गेले होते.

सासूबाईंनी दार उघडलं आणि पहिलं वाक्य तेच बोलल्या. "तुमीच सांगा आता हिले. माह्यं आयकत नाई."

मी माझी बाटली काढली आणि शिकवलं. स्नेहल शहाणी मुलगी. तिनं मोबाईलवर माझं सगळं रेकॉर्ड केलं, मग माझ्यासमोर स्वतःची बाटली सुटी केली, धुतली, उकळली, पालथी घातली. तिच्या बाटल्या वेगळ्याच होत्या, फुगीर, निळ्या बुडाच्या. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं परदेशातून आणून भेट दिल्या होत्या. मी दोन हातांवरून पाहिल्या आणि म्हटलं, "छान आहेत. झालं तर मग."

"म्हणजे मी नीट करतेय ना, सिस्टर?" तिनं विचारलं. "मला खूप गिल्टी वाटतं. ऑफिसमध्ये बसून पण हेच डोक्यात असतं."

"असंच करत राहा," मी म्हटलं.

अठरा दिवसांनी पुन्हा जुलाब. या वेळी गार्गीला एक दिवस सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा एकदा बघून या. मी गेले. स्वयंपाकघर पाहिलं, पाणी पाहिलं, दुधाच्या पावडरचा डबा आणि त्यातला चमचा पाहिला, सासूबाई हात कशा धुतात तेही पाहिलं. सगळं व्यवस्थित. स्नेहलनं माझ्यासमोर पुन्हा बाटली धुतली. रिंग एकदा तिच्या हातून सिंकमध्ये पडली, ती तिनं उचलून परत धुतली. मला काहीच सापडेना. आणि सापडत नाही असं म्हणणं मला जमत नव्हतं. सासूबाई गार्गीला खांद्यावर घेऊन दारात उभ्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत.

तेव्हा मी बोलले ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. मी म्हटलं, "पद्धत बरोबर आहे. रोज घाईत कुठेतरी हयगय होत असणार."

हयगय. चौतीस वर्षांत हा शब्द मी किती आयांना ऐकवला असेन, कोण जाणे. स्नेहलनं मान खाली घातली. ती मला उलट बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "असेल. सकाळी पळापळ होते."

सासूबाईंचा आवाज चढला नाही. त्या हळू बोलल्या, आणि म्हणूनच ते जास्त ऐकू आलं. "माह्यं पयलं लेकरू हगवणीनं गेलं, सिस्टरबाई. आठ महिन्याचं होतं. मले मालूम हाये ते कसं असते. हिच्यानं एक बाटली धुतल्या जात नाई, तं मी पोट्टीले इथं ठेवू कशी?"

चार दिवसांनी त्या गार्गीला घेऊन गावी गेल्या. नवऱ्यानं आईचं ऐकलं. स्नेहलनं रजा मागितली, मिळाली नाही. नोकरी सोडते म्हणाली, तर घराचे हप्ते दोघांच्या पगारावर होते. मूल वर्षाचं होईपर्यंत तिकडेच राहील, असं ठरलं. डॉक्टरांनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "चला, बाळाचं तरी भलं होईल." माझ्या तोंडून हे निघालं, ते लपवत नाही.

मग महिनाभरानं लोणी काळभोरचं एक घर आलं. सोलापूर रस्त्याला लागून शेती, दहा-बारा गाई. बाळाची आई बाळंतपणानंतर अशक्त होती, म्हणून बाळाची आत्या, शालन, सगळं बघायची. चौथीपर्यंत शाळा झालेली, कमरेला चाव्यांचा जुडगा, बोलणं रोखठोक. मी नेहमीप्रमाणे माझी बाटली काढून तीन भाग सुटे केले आणि शिकवायला सुरुवात केली. ती बघत राहिली. मग तिनं त्यांची बाटली घेतली. तीच फुगीर बाटली, निळ्या बुडाची. त्यांच्या पाहुण्यांतल्या कुणीतरी दुबईहून आणलेली. तिनं निपल काढलं, रिंग काढली, आणि मग बाटली उलटी करून बुडाला पीळ दिला. बूड सुटून हातात आलं.

मी म्हटलं, "अहो, हे काय केलंत? मोडली का?"

"मोडतीय कशानं? बूड हाय ते. फिरतंय," शालन म्हणाली. बुडाच्या आत एक पातळ रबरी चकती होती, बारीक भोकांची. ती तिनं नखानं उचकटून काढली. "ह्यातनं हवा आत जाती, म्हंजे बाळाच्या पोटात वारा जात न्हाई. ह्याच्या खाली दूध झिरपतंय. हे न्हाई काढलं तर धुऊन काय उपेग?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगणार? आमचं दूध काढायचं मशीन हाय. त्याचं आतलं रबर एक दिस जरी न्हाई काढून धुतलं, तर डेअरीवाला वास घेऊन दूध माघारी लावतो. मला रबर दिसलं की मी काढती." मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "का ओ ताई, तुमच्यात काढत न्हाईत का?"

मी तिच्या अंगणात बाजेवर बसले. माझ्या हातात माझी काचेची बाटली होती, अखंड, जिचं बूड कधी उघडलं नाही आणि उघडणारही नाही. मला आधी काही वाटलंच नाही. नुसता गोंधळ झाला. मी मनात स्नेहलच्या ओट्यावर बाटली शोधत होते. निळं बूड होतं का? होतं. तिनं ते उघडलं होतं का? मी तर शेजारी उभी होते. दोन हात लांब.

लोणीहून मी घरी गेले नाही. सरळ मांजरीला गेले. शनिवार होता, स्नेहल घरी होती. नवरा बाहेर गेला होता. तिनं दार उघडलं, ओळखीचं हसली आणि पाणी आणायला वळली. मी म्हटलं, "पाणी नको. गार्गीच्या बाटल्या आहेत का अजून?"

होत्या. वरच्या कप्प्यात, ती गेली त्या दिवशी धुऊन, उकळून, वाळवून ठेवलेल्या. त्या दिवशी मी माझा नियम पहिल्यांदा मोडला. बाटली हातात घेतली, उलटी केली आणि बुडाला पीळ दिला. ते घट्ट बसलं होतं. स्नेहल म्हणाली, "सिस्टर, तुटेल." मी फडकं घेऊन जोर लावला. बूड सुटलं. चकतीच्या खाली करड्या रंगाचा चिकट थर होता, कडेला काळे ठिपके. वास दोघींनाही एकदम आला.

स्नेहल ओट्याला टेकून उभी राहिली.

"हे उघडतं?" ती म्हणाली.

"उघडतं. मला माहीत नव्हतं. मी तुला शिकवायला हवं होतं."

"म्हणजे मी हयगय नव्हती केली."

"नव्हती केलीस. तू मी सांगितलं तसंच केलंस. चूक माझी."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं दुसरी बाटली काढली, तिचंही बूड फिरवलं, मग तिसरीचं. तिन्ही चकत्या तिनं ओट्यावर ओळीनं मांडल्या. मग म्हणाली, "सिस्टर, मला आठवतच नव्हतं मी कुठे चुकले. रोज रात्री आठवायचे. मग मला खरंच आठवायला लागलं, की बहुतेक त्या मंगळवारी ब्रश नीट फिरवला नव्हता, त्या गुरुवारी पाणी लवकर बंद केलं. मी सगळ्यांना सांगितलं पण. सॉरी म्हटलं सगळ्यांना."

मी त्यातली एक चकती उचलून प्लास्टिकच्या पिशवीत घातली.

मी म्हटलं, "सासूबाईंना फोन लाव. मी बोलते." तिनं लावला, स्पीकरवर. मागे गार्गीचा आवाज येत होता, काहीतरी बडबडत होती. मी सगळं सांगितलं. बाटलीला बूड असतं, ते उघडतं, मला ठाऊक नव्हतं, आणि तुमच्यासमोर मी जे बोलले ते खोटं होतं.

मग सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे तुमालेच मालूम नोतं."

"नव्हतं."

"आन् तुमी तिचं नाव घेतलं."

"हो."

"आन् मी साऱ्या गावाले सांगून बसली. आता काय करू मी, बाई? एकेकाच्या घरी जाऊ का?"

स्नेहल पुढे झाली. फोनकडे वाकून ती एवढंच म्हणाली, "आई, गार्गीला घेऊन या ना."

"येतो," त्या म्हणाल्या. "बुधवारी येतो."

मधल्या दिवसांत मी डॉक्टरांकडे गेले. मला वाटत होतं ते रागावतील, आणि रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चकती प्लास्टिकच्या पिशवीतून बघितली आणि म्हणाले, "याचमुळे असेल. नसेलही. या वयात मुलं जे हाताला लागेल ते तोंडात घालतात." मी म्हटलं, डॉक्टर, एक काय ते सांगा. ते म्हणाले, "सिस्टर, मला माहीत असतं तर मी आपल्याला पाठवलं असतं का?" मी जिना उतरताना हेच घोळवत होते. चकती घाण होती हे खरं. गावी गेल्यापासून गार्गीचं पोट बिघडलं नव्हतं हेही खरं. पण लोणीच्या त्याच गावात, शालनच्या शेजारच्या घरी, तीच बाटली होती. तिचं बूड तर कुणी कधीच उघडलं नव्हतं आणि ते बाळ गुटगुटीत होतं. ते मी आदल्याच दिवशी मुद्दाम जाऊन पाहून आले होते. मग काय मानायचं? चौतीस वर्षांत मी जे जे ठासून सांगितलं त्यातलं किती बरोबर होतं आणि किती बाळं माझ्या सांगण्याशिवायही बरीच झाली असती? आणि किती आयांनी माझ्यामुळे न केलेली चूक आठवून काढली असेल? त्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत.

बुधवारी स्नेहलनं मला बोलावलं. मी नको म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही असाल तर बरं. सासूबाई दुपारी आल्या. गार्गी त्यांच्या कडेवर, अंगानं भरलेली, गावच्या उन्हानं जरा काळवंडलेली, कानाजवळ काजळाचा ठिपका. स्नेहलनं हात पुढे केले. गार्गीनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आजीच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली.

स्नेहलचे हात तसेच पुढे राहिले. कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. सासूबाईंनाही कळत नव्हतं. त्या बाळाला पुढे करत होत्या आणि बाळ त्यांच्या पदराला घट्ट धरत होतं. "अवं माय हाये ते तुही," त्या म्हणत राहिल्या, "माय हाये." मग स्नेहलकडे न बघता त्या बोलल्या, "येईन ते. दोन दिस लागतीन. तू धीर नोको सोडू. चुकलं माह्यंच."

"भूक लागली असेल तिला," स्नेहल म्हणाली.

सासूबाईंनी पिशवीतून एक बोंडलं काढलं. गावी त्यांनी यातूनच दूध पाजलं होतं. जुनं, जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं, पक्ष्यासारख्या, वरून बंद चोचीचं. मला ते बघून धस्स झालं, कारण त्या चोचीत कोणताच ब्रश जात नाही. आम्ही नर्सा बोंडलं दिसलं की नाक मुरडायचो. आणि याच बोंडल्यावर हे बाळ अंगानं भरून आलं होतं.

स्नेहल ते घेऊन आत गेली. मी तिच्यामागे गेले, दारात थांबले. तिनं वेगळं पातेलं काढलं, गरम पाणी, साबण. चोचीत पाणी भरून अंगठ्यानं तोंड दाबून हलवलं, ओतलं, पुन्हा भरलं. सहा-सात वेळा. एक मऊ काडी घेऊन आत फिरवली. पातेल्यात बुडवून उकळलं, घड्याळाकडे बघत. चिमट्यानं बाहेर काढून कपड्यावर पालथं घातलं. बाहेर गार्गीचं रडणं चाललंच होतं. वाळल्यावर तिनं ते माझ्यासमोर धरलं.

"सिस्टर, झालं का स्वच्छ?"

मी वाकून चोचीत पाहिलं. आत अंधार होता. पुन्हा पाहिलं. चौतीस वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं, आणि ते तोंडावर आलंही होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

स्नेहलनं बोंडलं खिडकीकडे धरलं, चोचीतून आरपार पाहिलं, नाकाशी नेऊन वास घेतला. "झालं," ती म्हणाली, आणि त्यात दूध ओतून बाहेर गेली.